फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट की बसून? सारखी वाटणारी सुषिर वाद्ये कानाने कशी ओळखावीत

ऑर्केस्ट्राचे ध्वनिमुद्रण ऐकताना व्हायोलिन आणि ट्रम्पेट यांत कोणाची गल्लत होत नाही. मात्र तंतुवाद्ये मागे सरली आणि एखादे सुषिर वाद्य, म्हणजे फुंकून वाजवायचे वाद्य, एकटेच चाल आळवू लागले की चांगले सरावलेले श्रोतेही थबकतात. हा क्लॅरिनेट आहे की खालच्या पट्टीतला फ्लूट? हा ओबो आहे की सोप्रानो सॅक्सोफोन? अशा वेळी बहुतेकजण विशेषणांचा आधार घेतात : फ्लूट गोड, ओबो करुण, क्लॅरिनेट मऊ, बसून गमतीदार. माझ्या मते गोंधळाचे मूळ येथेच आहे. करुणपणा चालीत असतो, गमतीदारपणा लयीत असतो, आणि कोणतेही वाद्य दोन्ही वाजवू शकते. शिवाय एका वाद्याचा आवाज एकच नसतो. खालच्या, मधल्या आणि वरच्या सप्तकांत तो इतका बदलतो की फ्लूटचा खालचा स्वर त्याच फ्लूटच्या वरच्या स्वरापेक्षा क्लॅरिनेटला अधिक जवळचा वाटतो. म्हणून आवाज कसा आहे याऐवजी आवाज कसा वागतो हे ऐकावे : तो सुरू कसा होतो, खाली जाताना बळावतो की विरतो, वरच्या सप्तकात उडी कशी घेतो आणि वादक श्वास कुठे घेतो. पुढील पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत.

आधी नळी आणि पत्ती समजून घ्यावी

ऐकण्यापूर्वी रचनेच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात, कारण नंतर कानाला जे जे जाणवते ते बहुतेक यांतूनच येते. पहिली गोष्ट म्हणजे स्वर कशाने उत्पन्न होतो. फ्लूटमध्ये पत्ती नसते. ओठांतून निघालेला हवेचा झोत छिद्राच्या कडेवर आपटतो. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांत वेताची एकच पत्ती फुंकण्याच्या तोंडावर, म्हणजे माउथपीसवर, बांधलेली असते. ओबो, इंग्लिश हॉर्न (ओबोचे खालच्या पट्टीतले भावंड) आणि बसून यांत दोन पत्त्या एकमेकींवर बांधून त्यांच्यामधल्या बारीक फटीतून फुंकतात. सनईचा आवाज कानात बसलेला असेल तर दुहेरी पत्तीचा स्वभाव तुम्हाला आधीच ठाऊक आहे : धार असलेला, गर्दीतूनही वेगळा निघणारा स्वर.

दुसरी गोष्ट म्हणजे नळीचा आतला आकार. फ्लूट आणि क्लॅरिनेट यांची नळी बहुतांशी सरळ, म्हणजे सारख्या व्यासाची असते. ओबो, बसून आणि सॅक्सोफोन यांची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. फ्लूट दोन्ही टोकांना उघडा असतो, तर क्लॅरिनेटचे पत्तीकडचे टोक ध्वनीच्या दृष्टीने बंद असते. एवढ्या एका फरकामुळे जवळपास सारख्याच लांबीची, सुमारे 65 सेंटीमीटरची, ही दोन वाद्ये फार वेगळी वागतात. फ्लूटचा सर्वांत खालचा स्वर साधारण 262 हर्ट्झचा, म्हणजे पियानोवरचा मधला सी असतो. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वर सुमारे 147 हर्ट्झचा असतो, म्हणजे जवळजवळ एक सप्तक खाली. सॅक्सोफोन पितळेचा असूनही तो ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांत न मोजता याच कुटुंबात का मोजतात, तेही यावरून कळते : ॲडोल्फ सॅक्सने 1846 मध्ये ज्याचे पेटंट घेतले ते वाद्य धातूचे असले तरी त्याचा स्वर वेताच्या पत्तीतून निघतो.

पहिली पायरी : स्वराचा आरंभ ऐकावा

वाद्य ओळखण्याचा सर्वांत मोठा पुरावा स्वराच्या पहिल्या क्षणात असतो. ध्वनिमुद्रित स्वरांचा आरंभ कापून फक्त मधला स्थिर भाग ऐकवला तर मुरलेल्या वादकांकडूनही वाद्ये ओळखण्यात चुका होतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे. तुम्ही स्वतःही हे करून पाहू शकता. ध्वनिसंपादनाच्या कोणत्याही साध्या प्रोग्राममध्ये फ्लूटचा आणि क्लॅरिनेटचा एकेक लांब स्वर घ्यावा, दोन्हींच्या सुरुवातीचा पाव सेकंद काढून टाकावा आणि डोळे मिटून ऐकावे. ज्यांतला फरक आतापर्यंत उघड वाटत होता ते दोन स्वर एकमेकांच्या किती जवळ आले, हे ऐकून आश्चर्य वाटेल.

फ्लूटच्या स्वराआधी आणि स्वराबरोबर हवेची किंचित सळसळ असते; जवळून केलेल्या ध्वनिमुद्रणात ती स्पष्ट येते. ओबोचा स्वर टोकदार सुरू होतो, त्याला उंबरठा असतो : एका क्षणी शांतता आणि दुसऱ्या क्षणी पूर्ण स्वर. क्लॅरिनेटला असा उंबरठा लागत नाही. तो अक्षरशः शून्यातून स्वर उमलवू शकतो, आणि एखादा स्वर नेमका कधी सुरू झाला हे सांगता येत नसेल तर क्लॅरिनेटचा अंदाज सर्वांत आधी करावा. सॅक्सोफोनवर, विशेषतः जॅझमध्ये, वादक पुष्कळदा स्वराला किंचित खालून भिडतो आणि मग वर चढवतो. पाश्चात्त्य शास्त्रीय वादनात मात्र ही खूण मिळेलच असे नाही.

दुसरी पायरी : खाली जाणारी चाल पकडावी

एकच स्वर ऐकून निर्णय करू नये. चाल खाली उतरेपर्यंत थांबावे, कारण उतरताना प्रत्येक वाद्याची प्रकृती उघडी पडते.

फ्लूट खाली जाताना दुबळा होत जातो. तळाचे स्वर रुंद, उबदार आणि दमाने भरलेले असले तरी त्यांत जोर नसतो; म्हणून संगीतकार तेथे सोबतची वाद्ये कमी करतात. ओबोचे याच्या अगदी उलट असते. वरचे स्वर बारीक आणि निमुळते होत जातात, तर तळाचे स्वर जाड आणि काहीसे खरखरीत होतात, आणि ते हळू वाजवणे कुशल वादकालाही अवघड जाते. खाली येताना आवाज आपसूक मोठा झाला तर ओबो, विरत गेला तर फ्लूट, हा नियम मला इतर कोणत्याही नियमापेक्षा अधिक वेळा उपयोगी पडला आहे.

क्लॅरिनेट खाली उतरतो तेव्हा पोकळ, गडद आणि तेलकट होतो, परंतु बळ गमावत नाही. या खालच्या पट्ट्याला शालुमो म्हणतात. त्याच्या वर, सुमारे 350 ते 415 हर्ट्झच्या आसपास, काही स्वर फिकट आणि जरा दबलेले लागतात, आणि त्यांच्याही वर आवाज पुन्हा उजळ, भरदार होतो. चढताना मध्येच रंग उतरून पुन्हा चढला, असे वाटले तर ती क्लॅरिनेटची पक्की खूण समजावी. चांगले वादक हा सांधा झाकतात, पण पूर्ण लपत नाही.

याच पायरीत वर्ज्य करण्याचा मार्गही वापरावा. चाल मधल्या सीच्या बरीच खाली गेली तर साधा फ्लूट बाद होतो. ओबो 233 हर्ट्झच्या खाली जात नाही, इंग्लिश हॉर्न सुमारे 165 पर्यंत जातो, आणि बसून थेट 58 हर्ट्झपर्यंत. वरचे टोक मात्र इतके विश्वसनीय नसते, कारण ते वादकाच्या तयारीवर अवलंबून असते. स्ट्राव्हिन्स्कीच्या 1913 सालच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ची सुरुवात एकट्या बसूनने होते आणि ती त्याच्या इतक्या वरच्या टोकाला आहे की प्रथमच ऐकणाऱ्याला बसूनची शंकाही येत नाही. तो घुसमटलेला, ताणलेला आवाज एकदा नीट ऐकून ठेवावा.

तिसरी पायरी : उडी कोणत्या स्वरावर पडते?

ही पायरी थोडी कष्टाची आहे, परंतु क्लॅरिनेटला इतर सर्वांपासून वेगळे काढण्याचे कारण येथेच सापडते. फ्लूट, ओबो, बसून किंवा सॅक्सोफोन यांवर बोटांची ठेवण तशीच ठेवून स्वर वर उसळवला तर तो बरोबर एक सप्तक वर जातो : मध्य षड्जावरून तार षड्जावर. क्लॅरिनेटवर हेच केले, म्हणजे अंगठ्याजवळची छोटी कळ उघडली, तर स्वर तार षड्जावर थांबत नाही. तो त्याच्याही पुढे जाऊन तार सप्तकातल्या पंचमावर पडतो. एका टोकाला बंद असलेली सरळ नळी मूळ कंपनसंख्येच्या दुपटीला नीट साथ देत नाही, तिपटीला देते, आणि तिप्पट म्हणजेच तार पंचम.

आपल्याकडे नादाची जात, म्हणजे आवाजाचा वेगळेपणा, स्वयंभू स्वरांवरून (मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनसंख्यांच्या स्वरांवरून) ठरते असे शिकवले जाते, आणि ते तत्त्व येथे डोळ्यांनी पाहता येते. मोबाइलवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारे एखादे मोफत ॲप घ्यावे आणि क्लॅरिनेटचा 150 हर्ट्झच्या आसपासचा लांब स्वर त्याला ऐकवावा. 150, 450 आणि 750 च्या जागी ठळक रेषा उमटतात. 300 आणि 600 च्या जागी फिकट. तोच स्वर टेनर सॅक्सोफोनचा घेतला तर 150, 300, 450, 600 अशा सगळ्याच रेषा भरलेल्या दिसतात. खालच्या क्लॅरिनेटचा जो आवाज आपल्याला पोकळ वाटतो, त्याचा पोकळपणा म्हणजे या गाळलेल्या रेषा होत. आधी रेषा पाहत ऐकावे, नंतर पडद्याकडे न पाहता ऐकावे. आठवडाभरात पोकळ स्वर आणि भरीव स्वर यांतला भेद कान स्वतःहून करू लागतो. एक मर्यादा लक्षात असू द्यावी : क्लॅरिनेटच्या वरच्या पट्ट्यात हा भेद फार क्षीण होतो, त्यामुळे तेथे या खुणेवर विसंबू नये.

चौथी पायरी : आवाजातला स्वरवर्ण आणि श्वास

दुहेरी पत्तीच्या वाद्यांसाठी याहून सोपी युक्ती आहे. त्यांच्या आवाजात ठरावीक उंचीवरचे स्वयंभू स्वर नेहमीच अधिक ठळक असतात, मग मूळ स्वर कोणताही असो. आपल्या तोंडात ‘आ’ आणि ‘ओ’ यांचा फरक अशाच रीतीने होतो. ओबोत हा ठळक भाग सुमारे 1000 हर्ट्झच्या आसपास पडतो आणि तो आवाज ‘आ’च्या, किंचित नाकातल्या ‘आँ’च्या, जवळ जातो. बसूनमध्ये तो सुमारे 500 हर्ट्झजवळ असतो आणि आवाज ‘ओ’कडे झुकतो. चाल ऐकताना मनातल्या मनात तिला एखादा स्वरवर्ण लावून पाहावा. चाल वर-खाली होत असताना तोच वर्ण शेवटपर्यंत बसत राहिला तर पुढे दुहेरी पत्तीचे वाद्य असण्याची शक्यता बरीच वाढते.

श्वासाचाही विचार करावा. फ्लूटमध्ये बरीच हवा छिद्राबाहेर वाया जाते, म्हणून वादकाला वरचेवर श्वास घ्यावा लागतो. ओबोच्या फटीतून इतकी कमी हवा जाते की वादकाची अडचण उलटी असते : छातीत शिळी हवा साठते, ती आधी बाहेर टाकून मगच ताजी घ्यावी लागते. न तुटता लांबलेली ओळ ऐकू आली तर ओबोचे पारडे जड होते. स्वराला दिलेला कंपही बोलका असतो. फ्लूटवादक आणि ओबोवादक लांब स्वरांना श्वासाने हलका हेलकावा देतात. पाश्चात्त्य शास्त्रीय परंपरेतला क्लॅरिनेट बहुधा स्थिर, सरळ ठेवतात. जॅझमधला क्लॅरिनेट मात्र मोकळेपणाने हलतो, तेव्हा शैली पाहूनच ही खूण वापरावी.

ज्या जोड्या खरोखर फसवतात

ओबो आणि इंग्लिश हॉर्न ही जोडी सर्वांत कठीण, कारण दोन्ही एकाच घरातील वाद्ये आहेत. इंग्लिश हॉर्न पाच स्वरांनी खालचा आणि टोकाशी कांद्यासारखा फुगीर असतो, त्यामुळे त्याच्या आवाजाची धार बोथट होते आणि एक झाकोळलेला भाव येतो. या जोडीसाठी बर्लिओझच्या 1830 सालच्या ‘सिंफनी फँटास्टिक’मधील तिसऱ्या भागाच्या आरंभासारखा उत्तम धडा दुसरा नाही : तेथे इंग्लिश हॉर्न रंगमंचावरून साद घालतो आणि ओबो पडद्यामागून प्रतिसाद देतो. आधी बोलतो तो इंग्लिश हॉर्न, हे मनाशी धरून पहिली दोन मिनिटे चार-पाच वेळा ऐकावीत. त्यानंतर द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागातली इंग्लिश हॉर्नची सुप्रसिद्ध चाल (1893) आणि चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीच्या दुसऱ्या भागाच्या आरंभीची ओबोची चाल एकापाठोपाठ लावावी. दोन्ही संथ, दोन्ही हळव्या. म्हणूनच विशेषणे येथे कामाला येत नाहीत आणि कानाला फक्त नादावर विसंबावे लागते. मी स्वतः बरीच वर्षे द्वोर्झाकची ती चाल ओबोची समजत होतो. चायकोव्हस्की लगेच नंतर ऐकला तेव्हा ओबोची बारीक धार प्रथमच वेगळी जाणवली आणि आधीची चूक कळली.

ओबो आणि सोप्रानो सॅक्सोफोन यांत गोंधळ वरच्या पट्टीत होतो. सॅक्सोफोनचा आवाज रुंद असतो, जोर वाढवला की तो पसरतो; ओबोचा जोर वाढवला तरी तो अरुंदच राहतो. शंका असेल तर सर्वांत मोठा स्वर ऐकून ठरवावे.

फ्लूट आणि क्लॅरिनेट यांच्यासाठी राव्हेलची 1928 सालची ‘बोलेरो’ घ्यावी. ढोलावरचा एकच ठेका चालू राहतो आणि तीच चाल आधी फ्लूट, मग क्लॅरिनेट वाजवतो. चाल बदलत नसल्याने वाद्याखेरीज तुलनेला दुसरे काही उरतच नाही. त्यानंतर येणारी दुसरी चाल बसून आणि छोटा ई-फ्लॅट क्लॅरिनेट वाजवतात, मग ओबो दामोर (ओबोचे किंचित खालच्या पट्टीतले भावंड) येतो, आणि पुढे टेनर सॅक्सोफोन बसूनचीच चाल घेऊन येतो. बसूनचा आणि सॅक्सोफोनचा तो तुकडा कापून शेजारी शेजारी लावून ऐकण्यासारखा आहे. ई-फ्लॅट क्लॅरिनेट मोठ्या भावंडापेक्षा चिरका आणि तिखट असतो. तो प्रथम ओबो वाटू शकतो, पण त्याला ओबोचा नाकातला ‘आँ’ नसतो.

बास क्लॅरिनेट आणि बसून यांची गल्लत खालच्या सप्तकांत होते. बसूनच्या तळाच्या स्वरांत पत्तीचा गुरगुरता कंप ऐकू येतो, बास क्लॅरिनेट गुळगुळीत आणि काळोखा राहतो. चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधील शुगर प्लम परीच्या नृत्यात सेलेस्टा या पियानोसारख्या कळवाद्याच्या किणकिणाटाला उत्तर म्हणून जो स्वर खाली घरंगळत येतो तो बास क्लॅरिनेट होय.

सरावाची पद्धत

आरंभ प्रोकोफिएव्हच्या 1936 सालच्या ‘पीटर अँड द वुल्फ’पासून करावा, कारण तेथे निवेदकच वाद्यांची ओळख करून देतो : पक्षी म्हणजे फ्लूट, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे बसून. पक्षी आणि बदक भांडतात तो तुकडा फ्लूट-ओबो तुलनेसाठी फार उपयुक्त आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. हे लहान मुलांसाठी रचलेले आहे म्हणून पात्रांचे स्वभाव वाद्यांना कायमचे चिकटतात, आणि मग गंभीर चाल वाजवणारा बसून ओळखू येत नाही. म्हणून आठवड्याभरात तेथून पुढे सरकावे.

नंतर एकल वादनाचे छोटे तुकडे गोळा करावेत, प्रत्येकी 10 ते 15 सेकंदांचे, एका वाद्याचे किमान सहा : दोन खालचे, दोन मधले, दोन वरचे. खालचे आणि वरचे तुकडे मुद्दाम घ्यावेत, कारण मधल्या पट्टीत सगळेच ओळखू येतात. हे तुकडे क्रम न ठेवता वाजवावेत आणि उत्तराबरोबर कारणही कागदावर लिहावे : ‘आरंभी हवा’, ‘खाली येताना बळावला’, ‘पोकळ’. कारण न लिहिता दिलेले बरोबर उत्तर पुढच्या वेळी उपयोगी पडत नाही, असा माझा अनुभव आहे. रोज 10 मिनिटे पुरतात. थकलेला कान सगळ्यांनाच क्लॅरिनेट म्हणू लागतो.

ऐकण्याचे साधनही महत्त्वाचे असते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालची कंपने जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे बसूनचा ‘ओ’ हरवतो. बेताचे का होईना, हेडफोन वापरावेत. घुमणाऱ्या सभागृहातले ध्वनिमुद्रण स्वरांचा आरंभ पुसून टाकते, म्हणून सुरुवातीला जवळून मुद्रित केलेले चेंबर संगीत, म्हणजे मोजक्या वादकांचे वादन, निवडावे. संगणकावर तयार केलेल्या कृत्रिम वाद्यांवर सराव करू नये, कारण खऱ्या वादकाचा श्वास आणि एका स्वरातून दुसऱ्यात जाण्याची रीत त्यांत सहसा नीट उतरत नाही.

काही भेद मात्र सोडून द्यावेत. बी-फ्लॅट आणि ए क्लॅरिनेट यांतला फरक केवळ ऐकून सांगणे बहुतेकांच्या आवाक्यापलीकडचे आहे, कारण दोन वादकांच्या आवाजांतले अंतर त्याहून मोठे असते.

कान तयार झाल्यावर दोन वाद्ये एकत्र मिसळलेली ऐकावीत. शूबर्टच्या 1822 सालच्या ‘अपूर्ण’ सिंफनीच्या पहिल्या भागात, तंतुवाद्यांच्या कुजबुजीवर जी पहिली चाल येते ती ओबो आणि क्लॅरिनेट एकाच स्वरात मिळून वाजवतात, आणि प्रथम ऐकताना ते एकच अनोळखी वाद्य भासते. पहिल्या वेळी केवळ धारेकडे, त्या नाकातल्या ‘आँ’कडे लक्ष ठेवावे, म्हणजे ओबो वर तरंगताना दिसेल. दुसऱ्या वेळी धार सोडून तिच्याभोवतीची गोलाई ऐकावी, तो क्लॅरिनेट. तिसऱ्या वेळी लांब स्वरांच्या अखेरीस थांबून पाहावे की धार आधी संपते की गोलाई.